घर सांभाळून गावाचं

तालुक्याच्या गावात पेशंट पुण्या-मुंबईला हलवायचा म्हटलं की ॲम्ब्युलन्सच्या आधी एका माणसाला फोन जातो. कुणी त्याला भाऊ म्हणतं, कुणी अण्णा, कुणी नुसतंच मास्तर. हा माणूस शाळेत कारकून असतो, विम्याची कामं करतो, एसटीतून निवृत्त झालेला असतो, नाहीतर बाजारपेठेत त्याचं मेडिकलचं दुकान असतं. घरात बायको, शिकणारी मुलं, म्हातारी आई आणि घराचा हप्ता. महाराष्ट्रातल्या छोट्या गावांमधली बरीचशी समाजसेवा अशा संसारी माणसांच्या जिवावर चालते. त्यांच्याबद्दल लिहिताना आपण 'झपाटलेला', 'देवमाणूस' अशी विशेषणं लावतो आणि मोकळे होतो. त्यात एक मोठं नुकसान आहे. हा माणूस नेमकं काय करतो ते कुणाला कळत नाही, आणि जे कळत नाही ते दुसऱ्या कुणाला उचलता येत नाही. म्हणून इथे स्वभावाबद्दल थोडं आणि कामाबद्दल जास्त. त्याला आपण भाऊच म्हणू.

दवाखान्याच्या बाबतीत भाऊंचं पहिलं काम म्हणजे धावपळ थांबवणं. घाबरलेले नातेवाईक पेशंटला समोर दिसेल त्या मोठ्या हॉस्पिटलात नेतात, दागिने गहाण टाकून अनामत भरतात आणि तिसऱ्या दिवशी विचारतात, 'भाऊ, योजनेत बसेल का हो?' महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावानं आठ जिल्ह्यांत ती सुरू झाली, पुढे राज्यभर आली. पण ती चालते फक्त यादीतल्या हॉस्पिटलांमध्ये, आणि यादीत हॉस्पिटलचं नाव आहे एवढ्यानंही भागत नाही. एखादं हॉस्पिटल हृदयाच्या उपचारांसाठी योजनेत असतं, हाडांच्या नसतं. म्हणून गाडी निघण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेसाठी हॉस्पिटलात नेमलेल्या मदतनिसाला, फोन करून तीन गोष्टी विचारायच्या: हा आजार तुमच्याकडे योजनेत होतो का, आज खाट आहे का, आणि कोणते रिपोर्ट सोबत आणायचे. हा पाच मिनिटांचा फोन कुटुंबाचं अर्धं कर्ज वाचवतो. जीव जायची वेळ असेल तर अर्थातच हे काही विचारत बसायचं नाही. १०८ ला फोन करायचा, जवळच्या जागी पेशंट स्थिर करायचा आणि मग पुढचा विचार.

कागदपत्रांत अडतं ते नावापाशी. आधारवर 'सुमन', शिधापत्रिकेवर 'सुमनबाई', मतदार ओळखपत्रावर माहेरचं आडनाव. लग्न होऊन चार वर्षं झालेल्या सुनेचं नाव सासरच्या शिधापत्रिकेवर चढलेलंच नसतं, आणि नेमकी तीच बाळंतपणात अडलेली असते. त्यामुळे भाऊंचं दवाखान्याचं खरं काम कुणी आजारी नसताना होतं. लग्नाला गेले की आहेर देतात आणि मुलाच्या बापाला बाजूला घेऊन सांगतात, 'माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला आणा, पुढच्या सोमवारी तहसीलच्या पुरवठा शाखेत जाऊ.' लोकांना हे किरकोळ वाटतं. मला त्यांच्या सगळ्या कामात हेच सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण त्याचे हार-तुरे कधीच मिळत नाहीत.

योजनेत बसलं नाही तर पुढचं दार धर्मादाय रुग्णालयाचं. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ कक आणि उच्च न्यायालयानं मंजूर केलेली योजना यांनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. त्यासाठी सगळ्या रुग्णांच्या एकूण बिलातले २ टक्के वेगळ्या निधीत जमा करायचे असतात. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार आणि दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका लागते. तातडीच्या वेळी अनामत न मागता पेशंटला दाखल करून घेऊन स्थिर करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. हे भाऊंना पाठ असतं, पण ते काउंटरवर कायदा बोलत नाहीत. ते समाजसेवा विभागातल्या बाईंना शोधतात, कागद क्रमानं लावलेली फाइल पुढे ठेवतात आणि विचारतात, 'मॅडम, यात काय कमी आहे?' आवाज चढवून मिळालेली सवलत एकाच पेशंटला मिळते. फाइल नीट लावून मिळालेली वाट पुढच्या वीस जणांना उघडी राहते. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचंही तसंच आहे: पैसे थेट हॉस्पिटलला जातात, भरून झालेल्या बिलाची प्रतिपूर्ती होत नाही, म्हणून खर्चाचं अंदाजपत्रक घेऊन अर्ज पेशंट दाखल असतानाच जायला हवा. डिस्चार्जनंतर आलेल्या माणसाला भाऊ हात जोडून सांगतात की आता उपयोग नाही. खोटी आशा लावून त्याला मंत्रालयाच्या खेपा घालायला लावणं हे त्यांना पाप वाटतं.

कर्करोगाचा पेशंट असेल तर प्रश्न उपचारांपेक्षा राहण्याचा जास्त असतो. परळचं टाटा रुग्णालय १९४१ पासून उभं आहे, तिथे केस पेपर निघतो, तपासण्या होतात. पण केमोथेरपीच्या फेऱ्या चालतात तोवर पेशंटनं आणि सोबतच्यानं महिनोन्‌महिने टेकायचं कुठे? दादरची गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा अशांसाठीच आहे. ज्यांनी आयुष्यभर हातात खराटा धरला आणि ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या त्या बाबांचं काम असंही पुढे चालू आहे. भाऊ पेशंटसोबत दोन सोबती कधीच पाठवत नाहीत. एकच, पण महिनाभर राहू शकेल असा, आणि त्याची बदली कोण ते निघण्याआधीच ठरलेलं. पहिल्या आठवड्यात पाच नातेवाईक जातात आणि तिसऱ्या आठवड्यात पेशंट एकटा पडतो, असं फार ठिकाणी होतं.

रक्तदानाकडे वळण्याआधी रस्त्यावरच्या अपघाताबद्दल एवढंच सांगतो की जखमीला उचलायला लोक अजूनही पोलिसांच्या भीतीनं कचरतात. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम १३४ अ मदत करणाऱ्याला दिवाणी-फौजदारी जबाबदारीपासून संरक्षण देतं, आणि त्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. महामार्गालगतच्या ढाब्यांवर आणि पंक्चरच्या दुकानांत भाऊंनी हे मराठीत छापून चिकटवलेलं असतं.

आता रक्त. गावात साहेबांचा वाढदिवस आला की एका दिवसात पाचशे बाटल्या जमवायचा विक्रम होतो, फोटो छापून येतात. आणि मे महिन्यात, कॉलेजं बंद असताना, डायलिसिसच्या पेशंटला एक पिशवी मिळायला सकाळची रात्र होते. याचं कारण साधं अंकगणित आहे. पूर्ण रक्ताची पिशवी २ ते ६ अंश तापमानाला ३५ दिवस टिकते. वेगळ्या केलेल्या तांबड्या पेशी, योग्य द्रावणात ठेवल्या तर, ४२ दिवस. प्लेटलेट्स फक्त पाच दिवस, त्याही २० ते २४ अंशांत सतत हलत्या ठेवून. त्यामुळे एका दिवशी जमवलेल्या पाचशे पिशव्यांपेक्षा दर महिन्याला एक अशी वर्षभरात भरलेली साठ-साठ जणांची दहा शिबिरं रुग्णाच्या कितीतरी जास्त उपयोगाची. भाऊ वर्षाच्या सुरुवातीला रक्तपेढीत जाऊन विचारतात की गेल्या वर्षी टंचाई कोणत्या आठवड्यांत होती, आणि तारखा त्यानुसार लावतात. एप्रिल, मे आणि दिवाळीच्या सुट्ट्या हे त्यांचे हंगाम. कॉलेजचं पोरगं नसतं तेव्हा बाजार समितीतले हमाल, बँकेतले कर्मचारी, शिक्षक, सोसायटीचे सभासद यांच्याकडे जायचं.

शिबिराचं माप ठरलेलं असतं. औषध नियमांतला हिशेब असा की साधारण तीन तासांत ५० ते ७० दात्यांचं रक्त घ्यायचं तर एक प्रशिक्षित डॉक्टर, दोन परिचारिका, तीन तंत्रज्ञ, दोन समाजसेवक, दोन मदतनीस आणि सहा ते आठ खाटा लागतात. म्हणजे शंभर जणांना सकाळी दहाची वेळ दिली तर ऐंशी जण ताटकळतात, चाळीस निघून जातात आणि पुढच्या वेळी येत नाहीत. भाऊ अर्ध्या-अर्ध्या तासाचे गट पाडतात. हॉल निवडताना मंडप किती देखणा आहे ते बघत नाहीत. पंखे चालतात का, वीज गेली तर जनरेटर आहे का, पाण्याचा नळ आणि स्वच्छतागृह जवळ आहे का, रक्तपेढीची गाडी दारापर्यंत येते का, हे बघतात. रक्तघटक वेगळे करायचे असतील तर रक्त घेतल्यापासून साधारण सहा तासांत पिशवी प्रयोगशाळेत पोचावी लागते. रक्तपेढी जिल्ह्याच्या गावी असेल तर सकाळच्या पिशव्या दुपारची वाट न पाहता आधी रवाना करायच्या. उद्घाटनाची भाषणं लांबली की सगळं वेळापत्रक कोसळतं, म्हणून त्यांच्या शिबिरात भाषणं सगळ्यात शेवटी, आणि बहुतेक वेळा होतच नाहीत.

दात्याचं वय १८ पूर्ण, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५. दोन रक्तदानांमध्ये पुरुषांना ९० दिवसांचं आणि स्त्रियांना १२० दिवसांचं अंतर. ४५ किलोच्या माणसाकडून ३५० मिलिलिटर घेतात, ५५ च्या वर वजन असेल तर ४५० घेता येतं. वर्षभरात टॅटू काढला असेल तर थांबायचं. उपाशीपोटी यायचं नाही. एकादशीला आणि श्रावणी सोमवारी शिबिर न लावण्याचं कारण तेच. रात्रपाळी करून आलेल्यालाही परत पाठवायचं. पहिल्यांदा रक्त देणारा मुलगा सुई निघाल्याबरोबर मित्रांना दाखवायला ताडकन उठतो आणि घेरी येऊन पडतो. त्याला आडवं करून पाय वर घेतले की तो पाच-दहा मिनिटांत ठीक होतो, पण ते बघून रांगेतले चारजण पळालेले असतात. म्हणून रक्त दिल्यावर पंधरा मिनिटं बसवून चहा-बिस्किट द्यायची खुर्ची खाटांच्या मागच्या बाजूला, रांगेच्या नजरेआड. आणि तिथे बसवायला एक गप्पिष्ट माणूस.

शिबिरात हेल्मेट, पाण्याचे जार वाटायची टूम निघाली आहे. भाऊ त्याच्या सक्त विरोधात आहेत, आणि मीही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून देशात पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं, ते उगाच नव्हे. वस्तूच्या आशेनं आलेला माणूस परवा झालेली कावीळ लपवतो. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या काविळी, सिफिलिस हा गुप्तरोग आणि मलेरियासाठी तपासणी होते हे खरं. पण संसर्ग झाल्यावर काही दिवस तपासणीतही न सापडण्याचा काळ असतो, आणि त्या काळात दात्यानं खरं सांगणं हाच पेशंटचा बचाव असतो. लोक आणखी एक विचारतात: 'आम्ही फुकट दिलं, मग पेढी पैसे का घेते?' ते पिशवीचे, तपासण्यांचे, साठवणुकीचे पैसे. थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलियाच्या रुग्णांना ते माफ असतात, आणि अशा घरांची यादी भाऊंच्या डायरीत पहिल्या पानावर असते. निगेटिव्ह गटाचे दाते वेगळ्या पानावर. त्यांना साध्या शिबिरात बोलवायचंच नाही, गरज पडेल तेव्हाच हाक मारायची. आणि १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला अतिशय दुर्मीळ 'बॉम्बे' रक्तगट, जो अपुऱ्या तपासणीत ओ गट म्हणून निघून जातो, त्याचा एखादा माणूस तालुक्यात सापडलाच तर त्याचा नंबर तीन ठिकाणी लिहून ठेवायचा.

नेत्रदानाचं काम याच्या अगदी उलटं, घाईचं आणि हळुवार. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. अर्ज भरलेला असला-नसला तरी निर्णय घरच्यांचाच, आणि घरच्यांना त्या वेळी विचारायचं कुणी? भाऊ स्वतः विचारत नाहीत. त्या घराचा जवळचा, वयानं मोठा माणूस गाठतात, बहुधा मामा किंवा थोरले काका, आणि त्यांच्या तोंडून विषय निघू देतात. तोवर करायचं ते एवढं: पापण्या मिटवायच्या, त्यावर ओला कापूस ठेवायचा, उशी देऊन डोकं थोडं उंच करायचं, वरचा पंखा बंद करायचा. डॉक्टरांना मृत्यूच्या दाखल्यासाठी बोलवायचं. रात्री दोन वाजता गावात दाखल्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून अशा वेळी येणाऱ्या दोन डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवलेलं हवं. नेत्रपेढीचं पथक आल्यावर काम पंधरा-वीस मिनिटांचं, चेहरा विद्रूप होत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, चष्मा, मधुमेह, यांनी अडत नाही. रेबीज, एचआयव्ही, काविळीचा संसर्ग, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग असेल तर डोळे घेत नाहीत, आणि हे आधी विचारून घेतलं नाही तर होकार देऊन बसलेल्या घराला नकार ऐकावा लागतो. दहाव्याच्या आधी भाऊ पुन्हा त्या घरी जातात, मृत्यूच्या नोंदीसाठी. नगरपालिकेत २१ दिवसांत नोंद केली तर सोपं, उशीर झाला की प्रतिज्ञापत्रं आणि परवानग्या. नाव बँकेच्या पासबुकात आहे तसंच लिहून घ्यायचं, नाहीतर विधवा बाईचे पुढचे सहा महिने त्यातच जातात.

पैशाबद्दल. लोक भाऊंच्या हातात पैसे देतात, पावती नको म्हणतात, 'तुमच्यावर विश्वास आहे.' हा विश्वासच त्यांना गोत्यात आणू शकतो. म्हणून सात जणांची संस्था, धर्मादाय कार्यालयात नोंदणी, क्रमांक घातलेलं पावतीपुस्तक, आणि खात्यावर दोघांच्या सह्या. देणगीदाराला आयकरात सवलत हवी असेल तर दोन हजारांवरची देणगी रोख चालत नाही, आणि देणगीदारांचं विवरण ३१ मेपर्यंत भरावं लागतं. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज. दोन भली माणसं वारली, बदल अर्ज झालाच नाही आणि खातं गोठलं, अशा कितीतरी संस्था गावोगाव पडून आहेत. भाऊ स्वतःच्या खिशातून गाडीत तेल टाकतात त्याचीही नोंद करतात. ते पैसे परत घेत नाहीत, पण संस्थेचं काम खरं कितीला पडतं ते पुढच्या माणसाला कळायला हवं, असं त्यांचं म्हणणं.

आणि घर. या सगळ्याचा मुख्य खर्च घर करतं, आणि त्याची पावती कुठल्याच पुस्तकात फाडली जात नाही. भाऊ बाहेर असताना दारात आलेल्या माणसाला पाणी कोण देतं? फोनवर रडणाऱ्या बाईचं नाव, गाव, पेशंटचा रक्तगट, हॉस्पिटल, किती पिशव्या आणि कधीपर्यंत, हे सगळं शांतपणे विचारून कोण लिहून घेतं? वहिनी. चांगल्या कार्यकर्त्यांच्या घरी बहुतेक वेळा निम्मं काम वहिनींनीच केलेलं असतं आणि सत्काराच्या वेळी त्यांना भाऊंच्या शेजारी उभं करून ओटी भरतात, भाषणात 'यांची साथ' म्हणतात. साथ नव्हे, काम. संस्थेच्या सात जणांत त्यांचं नाव असायला हवं, खात्यावर सही असायला हवी. जिथे तसं असतं तिथे संस्था जास्त नीट चाललेली दिसते.

घर टिकवायच्या काही रीती असतात आणि त्या पाळाव्या लागतात. महिन्याच्या मिळकतीतली किती रक्कम बाहेर द्यायची ते दोघांनी बसून ठरवायचं, आणि ती संपली की संपली. आठवड्यातली एक संध्याकाळ फोन दुसऱ्या कार्यकर्त्याकडे. मुलांच्या दहावी-बारावीच्या वर्षात परगावच्या खेपा दुसऱ्यानं करायच्या. रात्रीच्या पेशंटला घरात मुक्कामाला ठेवायचं की नाही, हे ठरवायचा अधिकार स्वयंपाक करणाऱ्या माणसाचा. आणि सगळ्यात कडक नियम: पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहायचं नाही. चांगल्या माणसाकडे लोक हमखास याच कामासाठी येतात. कर्जदारानं हप्ते थकवले की सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघतो, त्यात जामीनदारही येतो, आणि मग त्याच्या पगारातून, घरातून वसुली होते. गावासाठी राबलेल्या माणसाच्या घरावर जप्तीची नोटीस लागली, असं घडतं. मग त्याची मुलं आयुष्यभर समाजसेवा या गोष्टीचाच राग करतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

राग दुसऱ्या कारणानंही येतो. बाप सगळ्या गावाचं ऐकतो, फक्त घरच्यांचं ऐकताना घड्याळ बघतो. भाऊंमधल्या शहाण्यांना हे वेळेवर कळतं. ते मुलीला शिबिराला फुगे लावायला नेत नाहीत. नोंदणीच्या टेबलावर बसवतात, दात्यांचे फॉर्म तपासायला देतात. तिला काम कळतं, बापाचं काय चाललेलं असतं तेही कळतं. निवडणूक आली की दोन्ही बाजूंची माणसं घरी येतात. उभं राहायला हरकत काहीच नाही, पण उभं राहिलं की गावातल्या अर्ध्या घरांमधून रक्तासाठी, दाखल्यासाठी येणारा फोन बंद होतो. त्यांच्याकडेही पेशंट असतातच. म्हणून बहुतेक भाऊ नाही म्हणतात, आणि ते नाही म्हणणं सोपं नसतं.

साठीकडे झुकल्यावर एक अवघड काम उरतं: काम सोडणं. ज्या ओळखी तीस वर्षांत झाल्या त्या एका डायरीत आणि एका डोक्यात असतात. भाऊ आजारी पडले की सगळं बंद. यावर उपाय आधीच सुरू करावा लागतो. दर खेपेला एक नवा माणूस सोबत न्यायचा आणि समाजसेवा विभागात बोलायचं त्यानंच, भाऊंनी मागे बसायचं. दात्यांची यादी तिघांच्या मोबाइलवर, दर तीन महिन्यांनी प्रत्येकाला फोन करून नंबर तपासलेली, कारण सोडून गेलेले, लग्न होऊन गेलेले, वारलेले असे बरेच निघतात. नवा माणूस चुकेल, पेशंटला चुकीच्या हॉस्पिटलात नेईल, तेव्हा त्याच्यासमोरून काम काढून घ्यायचं नाही. आणि पुढच्या उन्हाळ्यातल्या शिबिराचं रक्तपेढीला जाणारं पत्र त्या नोंदणीच्या टेबलावरच्या मुलीनं किंवा तिच्या वयाच्या कुणीतरी लिहायचं, खाली सहीही तिचीच, आणि संपर्कासाठी नंबरही तिचाच.